चार बोटं माती

२ जुलै

या वहीच्या पहिल्या तीस पानांवर पेरूमधल्या आमच्या वांकायो गावातल्या शाळकरी पोरांची मापं आहेत. छाती, कंबर, बाही. उरलेल्या पानांवर आता डोंगर लिहायचा. वही बॅगेत टाकताना माझी बायको येसिका म्हणाली होती, "बोलायला कोणी नसलं तर हिच्याशी बोल. आणि कुणाच्या हाती लागू देऊ नकोस."

हाती लागू न देणं जास्त महत्त्वाचं आहे. इथल्या मेंढरांच्या मालकिणीकडे माझा जो कागद आहे त्यावर लिहिलंय: अब्दियास पोमा, वय चौतीस, मेंढपाळ, बारा वर्षांचा अनुभव. ती बारा वर्षं मी शिवणयंत्रावर बसलो होतो. शाळेचे गणवेश लिमाहून तयार यायला लागले आणि माझं दुकान बंद पडलं. लिबोरियोमामा बावीस वर्षं इथे वायोमिंगमध्ये मेंढरांमागे आहे. येसिका त्याची सख्खी भाची. तिने फोनवर सांगितलं, "माझा नवरा लहानपणापासून मेंढरांतच वाढलाय." मामाने मालकिणीला शब्द दिला आणि मला बोलावून घेतलं. खरं कळलं तर मला पहिल्या विमानात बसवतील आणि मामाला मालकिणीसमोर मान वर करता येणार नाही.

आज मामाने मला इथे, डोंगराच्या माथ्यावर, तंबू ठोकून दिला. पंधराशे मेंढरं, ओसो नावाचा पांढरा कुत्रा आणि दालचिनीच्या रंगाची घोडी, कानेला. जायच्या आधी त्याने खिशातला सुरा काढून जमिनीत खुपसला. चार बोटं आत गेला आणि टक् करून थांबला. दहा पावलांवर पुन्हा खुपसला. तिथे तीनच बोटं.

"बघितलंस ना जावई? खाली सगळा चुनखडक. वर एवढंसं कातडं. पाणी पडलं की फटींतून पाताळात. आज हिरवं दिसतंय ते चार दिवसांत वाळणार. म्हणून इथे एका जागेकडे दोनदा मागायचं नाही. मेंढरं रोज पुढे. घोडी पुढच्या पायांना दावं घालून मोकळी सोडायची. खुंट्याला बांधलीस तर दोन दिवसांत जमीन भुंडी होईल."

"माहितेय मामा."

"माहीत असणारच म्हणा. बारा वर्षं काय गोट्या खेळत होतास?"

मी हसलो.

४ जुलै

मामाने जाताना काळ्या मेंढ्या दाखवल्या होत्या. दर शंभरात एक काळी. पंधरा काळ्या दिसल्या की कळप पुरा. एक कमी असली तर शंभरेक तरी भरकटल्या असं समजायचं. ही युक्ती मला आवडली. सदऱ्याची बटणं मोजावीत तशी मी दिवसातून दहा वेळा मोजतो. आज दोनदा चौदाच भरल्या आणि दोन्ही वेळा मी कळपाला वळसा घालून धावलो. पंधरावी आडवी झोपली होती.

जुलै महिना आणि सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा.

७ जुलै

कानेला पळाली. पुढचे पाय बांधलेले असतानाही ती सशासारख्या उड्या मारत खालच्या घळीपलीकडे गेली. मी तिच्यामागे अर्धा दिवस धावलो. हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी रडलो. हातात भाजलेला मका होता, त्याच्या वासाने ती आपण होऊन आली. माझ्या आधी तिलाच कळलंय की हा माणूस मेंढपाळ नाही.

परतताना झाडीच्या कडेला चिखलात अस्वलाच्या पंज्याचा ठसा दिसला. माझ्या दोन्ही हातांएवढा.

८ जुलै

कानेलाला तंबूजवळ खुंट्याला बांधलं. दोर लांब आहे, तीस हात. मामाचं सांगणं विसरलो नाही. पण घोडी पुन्हा हरवली तर मी कुणाला काय सांगू? आणि अस्वल आलं तर आधी तिला कळेल, तीच मला उठवेल. दर गुरुवारी मामा गाडीने रस्त्याच्या टोकाशी सामान घेऊन येतो. तिथे मीच तिला घेऊन जायचं. त्याला इथवर चढून यायचं कारणच पडू द्यायचं नाही.

१२ जुलै

मामाचं बरोबर होतं. खुंट्याभोवतीचं गवत संपलं. खालून दगडाच्या पांढऱ्या पाठी वर आल्या. फक्त एका झाडोऱ्याचे झुपके उरलेत. पांढरी फुलं, वाटाण्याला येतात तशी, आणि पानांवर रुपेरी लव. बाकी सगळं वाळलं तरी हा टवटवीत. आधी कानेला त्याला तोंड लावत नव्हती. आज खाते आहे. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

१५ जुलै

झुपके संपले. मी कड्याच्या बाजूने आणखी उपटून आणले. घोडी मला लांबून पाहून खिंकाळली! लग्नात माझ्याकडे बघून येसिकासुद्धा एवढी खूश झाली नव्हती. घळीतलं ओलं गवत मी दुसऱ्या हातात धरलं होतं, त्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आता रोज एक भारा आणेन. दोघांची दोस्ती झाली.

१९ जुलै

सकाळपासून कानेला एका दिशेला बघत उभी आहे. तिथे काही नाही. उघडा माळ आणि पांढरे दगड. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. मग एकदम दचकून मागे सरली, जणू समोर कोणी उठून उभं राहिलं.

ओसो शांत झोपला होता. म्हणजे अस्वल नव्हे.

मी चर्चमध्ये वाढलेला माणूस. आमच्या पाद्रीबाबांनी डोंगराच्या मालकांना मानणं केव्हाच बंद करायला लावलं. पण माझी आजी नव्या कुरणात पाऊल टाकण्याआधी वामानीला, त्या डोंगराच्या धन्याला, कोकाची पानं आणि दारू पुरायची. मी इथे काहीही न देता आलो. खोटं नाव, म्हणजे खोटा धंदा सांगून आलो. त्याला कळलं असेल का?

२१ जुलै

पाद्रीबाबा क्षमा करा. आज खड्डा खणून भाजलेला मका, साखर आणि कॉफी पुरली. कोका नाही, दारू नाही. खड्डाही धड झाला नाही. चार बोटांवर दगड लागला. मका वरूनच दिसत होता. इथे पुरायलासुद्धा जागा नाही. देणं पोचलं नसणार.

२४ जुलै

गुरुवार. कानेलाला घेऊन रस्त्याच्या टोकाशी गेलो. वाटेत साध्या सपाट जमिनीवर ती पायरी चढावी तसे पाय उचलत होती. बादलीतलं पाणी पिताना नाक बुडवून नुसती उभी राहिली.

मामा बटाटे उतरवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "ही अशी सुस्त का रे? दिवसभर पळवतोस काय?"

"मेंढरं फार पसरतात मामा."

"बरगड्या दिसायला लागल्या. मीठ दे तिला. जनावर म्हणजे काय शिवणयंत्र आहे का, पाय मारत सुटायला?"

मामाला काही माहीत आहे की हे सहज बोलला? त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला सूपसाठी वाळवलेलं मांस दिलं. त्याच्या हातची तिखट मिरचीची चटणीही होती. म्हणाला, "येसिकाला सांग, जावई वाळलाय पण टिकलाय."

हा माणूस माझ्यावर इतकी माया करतो आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलतो. मला माझीच लाज वाटते.

२७ जुलै

फोन फक्त माथ्यावरच्या दगडाच्या ढिगाऱ्याशी लागतो. येसिकाला म्हटलं, "तुझ्या बाबांना हळूच विचार ना. घोडं टक लावून बघत राहिलं, पाय उगाच उंच उचलायला लागलं, तर काय समजायचं?"

"वेडा झालास का? बाबा लगेच मामाला फोन करतील. म्हणतील, तुझ्या मेंढपाळाला एवढंही कळत नाही? मग?"

"मग मी काय करू?"

"देवाचं नाव घे. आणि घोडीला नीट खायला घाल."

घालतोच आहे. आज दोन भारे आणले.

३१ जुलै

सामान पाठीवर आणलं. मामाला सांगितलं, घोडीचा खूर दुखतोय, आराम देतोय. "मी येऊन बघू का?" म्हणाला. मी इतक्या जोरात नको म्हणालो की तो माझ्याकडे बघतच राहिला.

४ ऑगस्ट

कानेलाने मला पाडलं. लगाम घालत होतो. तोंडाजवळ हात नेताच ती मागच्या पायांवर उभी राहिली, थरथरली आणि स्वतःच कोसळली. उठून लगेच माझ्या खिशाला नाक लावलं, फुलांसाठी. डोळे काचेचे असावेत तसे.

मला तिची भीती वाटते. डोंगराची वाटते, मामाची वाटते. मेंढरांची वाटत नाही, कारण ती माझ्यापेक्षा घाबरट आहेत.

९ ऑगस्ट, सकाळ

काल संध्याकाळी गारा पडल्या. बोराएवढ्या. सगळा माथा पांढरा झाला, आणि तासाभरात सगळं पाणी दगडांच्या फटींत उतरून गेलं. फुलंही झोडपली गेली. आज काळ्या मोजल्या. चौदा. पुन्हा मोजल्या. चौदा. पुन्हा पुन्हा चौदा. कड्याच्या बाजूला पायांच्या खुणा आहेत. मी एकटा तिकडे गेलो तर इथल्या चौदाशे कोण सांभाळणार? आणि कानेलावर बसायची माझी छाती नाही.

मामाला फोन केला. "येतो," म्हणाला. इथे येणार. तंबूपर्यंत.

११ ऑगस्ट

परवाचं सगळं लिहून काढतो. घाईने लिहितोय, अक्षर वाचता येणार नाही. नाही आलं तरी चालेल.

मामा दुपारी धापा टाकत चढून आला. आधी तंबूकडे पाहिलं, मग खुंट्याकडे. खुंट्याभोवती तीस हातांचा गोल, त्यात एक काडी नाही. खडक उघडा पडलेला, मढ्याच्या कवटीसारखा.

"हे काय आहे?"

मी उगाच दोर गुंडाळायला लागलो.

"अब्दियास, मी विचारतोय. हे काय आहे?" जावई म्हणाला नाही.

"एकदा पळाली होती मामा. म्हणून बांधली."

"कधीपासून?"

माझं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मामा, मी मेंढपाळ नाही. कधीच नव्हतो. मी शिंपी आहे. येसिकाने तुम्हाला खोटं सांगितलं, मीच सांगायला लावलं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. मग म्हणाला, "बावीस वर्षांत मी त्या बाईला एकदाच शब्द दिला. एकदाच. तोही तुझ्यासाठी." आणि तंबूतून खोगीर उचललं.

"मामा, तिच्यावर बसू नका. ती हल्ली पाय फार वर उचलते. परवा मला पाडलं तिने."

"आता शिंपी मला घोडी शिकवणार?" पट्टा आवळत तो म्हणाला. "तुला तर गाढवानेही पाडलं असतं. तू इथे बस आणि बटणं लाव. शंभर मेंढ्या कड्यावर आहेत, त्या मी आणतो."

मी मेंढपाळ म्हणून हेच दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. शिंप्याचं का ऐकेल?

मी मागोमाग धावलो. पहिली तीनशे पावलं ती बरी चालली. मामाचा हात जाणता आहे. मग एका सपाट दगडाची सावली जमिनीवर पडली होती. नुसती सावली. कानेला थांबली. पाय उचलला, छातीपर्यंत. मामाने टाच मारली. तिने झेप घेतली, जणू समोर ओढा आहे, आणि पलीकडच्या खडकाच्या भेगेत उतरली. मामा तिच्याखाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

घोडी धडपडून उठली आणि जवळच मान खाली घालून उभी राहिली. मी माथ्यावर जाऊन मालकिणीला फोन केला. हेलिकॉप्टर यायला तीन तास लागले. ते तीन तास मी मामाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्याचा पाय ज्या बाजूला वळला होता त्या बाजूला पाय वळत नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काय खायला घालतोस तिला?"

"तिला आवडतात म्हणून पांढरी फुलं. रोज आणतो."

"दाखव."

दगडाच्या आडोशाला एक झुपका गारांतून वाचला होता. तो आणून दिला. मामाने पानं बोटांत चोळली आणि डोळे मिटले. मला वाटलं, गेला.

"गार्बान्सियो," तो म्हणाला. "आपल्याकडचंच, किंवा त्याचा सख्खा भाऊ. पठारावरचं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. हे खाऊन जनावर वेडं होतं. एकदा चटक लागली की गवत सोडून हेच शोधतं. पाय कुठे पडतोय ते त्याला कळत नाही."

"बरी होईल ना मामा?"

"नाही."

"मला वाटलं वामानी..."

"वामानीला काय पडलंय तुझं! चार बोटं माती आहे रे इथे. गवत दोन दिवसांत संपतं. मागे उरतं ते हे. म्हणून तर तुला सांगितलं होतं."

नंतर वेदनेने त्याला बोलवेना. हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा माझी कॉलर धरून म्हणाला, "मालकिणीला सांग, घोडी दगडाला अडखळली. दुसरं काही नाही. तुझ्यासाठी नाही सांगत. माझा शब्द राहू दे."

त्या शंभर मेंढ्या संध्याकाळी आपल्या पायांनी परत आल्या. पुढे काळी.

१२ ऑगस्ट

मी जेवलो नाही. कानेला दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होती, खिसे हुंगत. मी तिला ढकललं. मग तिच्या मानेत तोंड घालून रडलो. हिचंही वाटोळं मीच केलं, प्रेमाने.

१४ ऑगस्ट

मी कानेलाला घेऊन रस्त्याच्या टोकाशी गेलो; मालकीण घोडे वाहून न्यायची गाडी घेऊन आली. साठीची बाई, चेहरा वाऱ्याने भाजलेला, आमची भाषा तोडकी बोलते. सांगितलं, मामाच्या खुब्यात लोखंड घातलंय. चालेल, पण काठीने. घोड्यावर कधीच नाही. डोंगरावरही नाही.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"घोडी दगडाला अडखळली."

"लिबोरियो पण तेच म्हणतो." तिने कानेलाच्या मानेवर थाप मारली. "गुडघे सोललेत फक्त. खालच्या तळावर रुबेनची घोडी लंगडते. त्याला ही देते."

रुबेनला मी एकदाच भेटलोय. तीन मुलींचे फोटो दाखवले होते त्याने. घरी पाठवतील या भीतीने मी पुन्हा गप्प बसलो. कानेला गाडीत चढताना एकाच फळीवर तीनदा पाय उचलत राहिली. मालकिणीने दार लावलं. कडी घालायला हात नेला, तेव्हा मी तो हात धरला. मालकिणीचा हात! आणि सगळं सांगितलं. शिंपी. खुंटा. फुलं. मामाला घोडीचं माहीत नव्हतं, माझ्याबद्दलही नव्हतं, तोही फसला, हे तीनदा सांगितलं.

तिला किती कळलं कोण जाणे. बराच वेळ ती घोडीकडेच बघत होती. मग दार पुन्हा उघडलं, तिला खाली उतरवलं आणि हातात दोर घेऊन उतारावर घेऊन गेली. बंदूक गाडीत असतेच, ती तिच्या खांद्याला होती. मी कान झाकले, तरी ऐकू आलं.

१५ ऑगस्ट

बॅग भरून ठेवलीय. वही सगळ्यात वर.

१७ ऑगस्ट

मालकीण आज दुसरा घोडा घेऊन तंबूपर्यंत आली. म्हातारा, करडा, शांत. तिने दावं स्वतः त्याच्या पुढच्या पायांना घातलं आणि माझ्याकडून तीनदा घालून घेतलं. खुंटा उपटून आपल्या गाडीत टाकायला बरोबर घेतला.

मी भरलेली बॅग पुढे केली. तिने ती तंबूत परत ठेवली.

"मी मेंढपाळ नाही," मी म्हटलं. तिला कळलं नसेल असं वाटलं.

"ते कळलं. माझ्याकडे दुसरा मेंढपाळ पण नाही. कागद निघायला, दुसरा माणूस यायला थंडी पडेल. तोवर हीच मेंढरं आणि तूच. दर गुरुवारी मी येईन. न कळेल ते विचारायचं. मोठ्याने."

मामाचं विमान पुढच्या रविवारी आहे. डेन्वरहून लिमा, मग बसने वर. बावीस वर्षांनी. त्याच्याशी बोलायला माथ्यावरून इस्पितळात फोन लावला. नर्सने त्याच्याकडे फोन नेला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मामा, मामा म्हणत राहिलो. तो काही बोलला नाही आणि त्याने फोन ठेवलाही नाही. शेवटी माझ्याकडचं नेटवर्कच तुटलं.

मला घरी पाठवतील म्हणून मी सव्वा महिना गप्प राहिलो, आणि घरी चाललाय तो मामा. मालकीण निघाली तेव्हा मी तिच्या मागे घळीपर्यंत गेलो. म्हटलं, बाई, मला पाठवा, मला इथे फार भीती वाटते. ती थांबली, म्हणाली, "मला पण," आणि खाली उतरून गेली.